गुप्त गिऱ्हाईक

"आंधळी आहेस का गं? हातात पिशवी दिसत नाही?"

दिसत होती की. चांगली दोन बंदांची खाकी पिशवी माझ्या नाकासमोर हलवून दाखवत होते ते. तरी मी हसून परत विचारलं, "पिशवी लागेल का सर?"

"नाही लागणार!"

"आज टूथपेस्टवर ब्रश फुकट आहे. घेणार का सर?"

"माझ्या दातांची तुला कशाला पंचाईत?"

रांगेत मागं कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले. "धन्यवाद सर, पुन्हा या," म्हणाले आणि पुढच्या बाईंच्या रव्याचा पुडा मशीनसमोर धरला.

मी काही गरीब गाय नव्हते, हे आधी सांगून टाकते. आमच्या गल्लीत नळावर माझ्याशी वाद घालायला बायका दोनदा विचार करायच्या. पण मिरजेच्या त्या अन्नश्री बझारमध्ये तीन नंबरच्या काउंटरवर बसले की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

बझारचा नियम असा होता, की बिल करताना प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचेच. सगळं मिळालं का? मोबाईल नंबर सांगता का? पिशवी लागेल का? आजची ऑफर घेणार का? माणूस घाईत असो, फोनवर असो, हातात चार पिशव्या घेऊन उभा असो, विचारायचं. आणि विचारताना हसायचं. कारण पुण्याच्या हेडऑफिसातून अधूनमधून एक 'गुप्त ग्राहक' यायचा. साध्या गिऱ्हाइकासारखा खरेदी करायचा, रांगेत उभा राहायचा आणि नंतर रिपोर्ट लिहायचा. कोण, कधी आला, मॅनेजरलाही माहीत नसायचं. आम्ही पोरी त्याला नुसतं 'गुप्त' म्हणायचो. त्या वर्षी आम्हा सहा कंत्राटी पोरींपैकी एकीला कायम करणार होते, आणि ते गुप्तच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मला ते कायमचं पत्र हवंच होतं. पगारासाठी नव्हे. आमच्या आप्पांनी अट घातली होती.

"पत्र आणून दाखव," आप्पा म्हणाले होते, "वर्षभर तुझ्या लग्नाचं नाव काढत नाही. बस शिकत."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर म्हसवडच्या लोकांना दिवाळीनंतर या म्हणून कळवतो. चांगलं स्थळ आहे वैजू. किती दिवस थांबवायचं त्यांना?"

म्हसवडचं स्थळ म्हणजे हार्डवेअरचं दुकान. मुलगा फोनवर आप्पांना म्हणाला होता, "बी.ए. कशाला पुरं करायचंय? गल्ल्यावर तर बसायचंय." माझी बाहेरून दिलेली दोन वर्षं झाली होती, शेवटचं राहिलं होतं. ते एक वर्ष मला कुणाच्याही गल्ल्यावर घालवायचं नव्हतं.

तर त्या खाकी पिशवीवाल्यांवर पहिली शंका रुक्सानाने घेतली. रुक्साना मुजावर, दोन नंबर काउंटर, माझी मैत्रीण. दुपारी डबा खाताना एकदम घास हातात धरून म्हणाली, "वैजू, तोच आहे."

"कोण?"

"गुप्त! तुझा तो सोमवारवाला. बघ हां, मोबाईल नंबर देत नाही कधी. का? नाव स्क्रीनवर येईल म्हणून! एक नंबर रिकामा असला तरी तुझ्याकडेच येतो. जाताना दारात थांबून वहीत काहीतरी खरडतो. आणि असलं खवचट कोण बोलतं गं उगाच? मुद्दाम बोलतोय तो. तू चिडतेस का बघतोय."

मला ते शंभर टक्के पटलं. पटणारच. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिशचे बूट, बोलणं शुद्ध, वय साठीच्या पुढं. एवढा शिकलासवरलेला माणूस काही कारण नसताना एका पोरीशी असं वागेल, हे माझ्या डोक्यातच येईना. परीक्षा घेत असतील, हे मानायला सोपं होतं.

मग काय, मी कंबर कसली. एका सोमवारी मी "सगळं मिळालं का सर?" म्हटलं, तर त्यांनी फोन कानाला लावलेला, माझ्यासमोर नुसता तळहात धरला, कुत्र्याला थांब म्हणतात तसा. मी थांबले. हसत थांबले. फोन झाल्यावर परत पहिल्यापासून विचारलं. पुढच्या सोमवारी म्हणाले, "पोपट आहेस का? तेच तेच बोलतेस." मी मनात म्हटलं, चला, आणखी एक मार्क. त्यानंतर मला पोपट हेच नाव पडलं. "काय पोपट, बोल." मी बोलायची. रुक्साना शेजारच्या काउंटरवरून डोळ्यांनीच शाबासकी द्यायची. वेड्यासारखी मला त्यांची कीवसुद्धा यायची. म्हटलं, बिचाऱ्यांना या वयात गावोगावच्या बझारांत जाऊन असं खेकसत फिरावं लागतं, घरी गेल्यावर घसा दुखत असेल.

पाचव्या सोमवारी कहर झाला. रांगेत आठ-दहा माणसं होती. मी पिशवीचं विचारलं आणि हे मागं वळून रांगेला म्हणाले, "ऐकलंत? यांना एवढंच शिकवलंय. डोकं वापरायची परवानगी नाही." मग आवाज बारीक करून, मान वेळावून त्यांनी माझी नक्कल केली. "पिशवी लागेऽऽल का सर? ऑफर घेणाऽऽर का सर?" माणसं हसली. एक लहान मुलगी तर त्यांच्यामागून तसंच म्हणायला लागली. माझे कान गरम झाले, पण मी दात दाखवून हसले आणि विचारलं, "आज साबणावर साबण आहे सर, घेणार का?"

त्या संध्याकाळी घरी जाऊन आप्पांना सांगितलं, "पत्र आलंच समजा."

पुढच्या सोमवारी सकाळी, शटर उघडायच्या आधी, कोठावळे सरांनी आम्हा सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. कोठावळे सर म्हणजे आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक दिसलं की कमरेतून वाकायचा. त्यांच्या हातात रिपोर्ट होता.

"दहापैकी दहा," ते म्हणाले. "आपल्या शाखेत पहिल्यांदा. वैजयंता माळवदे!"

टाळ्या झाल्या. रुक्सानाने मला चिमटा काढला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

सर वाचायला लागले. "'माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध ग्राहकाने कॅशियरचा अपमान केला, तिची सर्वांसमोर नक्कल केली. कॅशियरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभरही ढळले नाही. तिने चारही प्रश्न विचारले.' वा! याला म्हणतात काम."

मला आधी नीट कळलंच नाही. "सर, 'माझ्या पुढे' म्हणजे? रिपोर्ट लिहिणारा मागं होता?"

"मग? मागं रांगेत उभा असणार."

"आणि ते… खाकी पिशवीवाले?"

"ते सरनोबत साहेब. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. आपलं जुनं गिऱ्हाईक. पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवतात."

"मला वाटलं, तेच गुप्त आहेत," मी म्हणाले.

खोलीत हशा पिकला. सर तर पोट धरून हसले. "मग उत्तमच की! पोरींनो, ऐकलंत? प्रत्येक गिऱ्हाइकाला गुप्त समजा!" असं म्हणून त्यांनी भिंतीवरचा टीव्ही लावला. कॅमेऱ्यातला तो पाचवा सोमवार त्यांनी काढून ठेवला होता, आवाजासकट. नव्या पोरींना शिकवताना हाच दाखवायचा, असं पुण्याहूनच सांगून आलं होतं म्हणे.

मी बघितलं. ते मान वेळावतायत, माणसं हसतायत, आणि मधोमध मी, दात काढून. त्यांच्याबरोबर मीही हसतेय. माझी चेष्टा चाललीय आणि मी त्यात सामील आहे, असंच कुणालाही वाटलं असतं. शेजारच्या काउंटरवर रुक्साना मान खाली घालून बसलेली दिसत होती. पाच आठवडे मी जे मार्क म्हणून गोळा करत होते, ते नुसते अपमान होते. मला असा संताप आला, की सरांच्या हातातला रिमोट ओढून घ्यावा वाटला.

"सर, हे बंद करा. हे कुणाला दाखवायचं नाही."

"अगं, कौतुक आहे तुझं!"

"माझं कौतुक कसलं? त्या माणसाला कुणी काही बोललं नाही, हे दिसतंय त्यात."

सरांनी टीव्ही बंद केला, पण चेहरा पडला त्यांचा. "पत्र टाइप होऊन आलंय," हळू आवाजात म्हणाले. "दुपारी सही करून देतो. आता जा खाली, आणि डोकं थंड ठेव."

मी खाली गेले. अकराला सरनोबत साहेब आले. त्यांचा वारच होता तो. एक नंबर रिकामा होता, तो सोडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि टोपलीतला माल ओतून म्हणाले, "हं. बोल पोपट."

मी मशीनवरचा हात काढला.

"साहेब, माझं नाव वैजयंता आहे."

"मी विचारलं?"

"नाही. मीच सांगतेय. मला चार गोष्टी विचारायला लावल्यात, त्या मी विचारणार. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, नुसती मान हलवा. पण पोपट म्हणायचं नाही आणि माझी नक्कल करायची नाही. तसलं करायचंच असलं तर चार नंबरचं मशीन बंद आहे. त्याच्यासमोर उभं राहून करा."

सरनोबत साहेबांचा चेहरा लालबुंद. "मॅनेजर!" असे ओरडले, की फळांच्या टोपल्यांपाशी उभी असलेली बाई दचकली.

कोठावळे सर धावत आले. "साहेब, बसा, बसा. पाणी आणा रे कुणीतरी! वैजयंता, सॉरी म्हण."

"कशाबद्दल सर?"

"म्हण म्हणतोय ना!"

"पण हे गुप्त नाहीत, तुम्हीच सांगितलंत सकाळी. मग माझे मार्क कापणार कोण?"

"मी कापणार!" सर कधी नव्हे ते ओरडले.

साहेब माल तिथंच टाकून निघून गेले. मी मागून "धन्यवाद" म्हणाले. "पुन्हा या" म्हणाले नाही.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावून ते पत्र मला दाखवलं. माझं नाव, खाली सहीची मोकळी जागा. "पुढच्या सोमवारी साहेब येतील. मी त्यांच्या घरी जाऊन विनवून आलोय. सगळ्यांसमोर माफी माग, तिथल्या तिथं सही करून पत्र हातात देतो. नाहीतर एक नंबरच्या शुभांगीचे मार्क तुझ्याखालोखाल आहेत. तुझं तू बघ."

संध्याकाळी घरी आप्पा एका सदऱ्याला काजं करत बसले होते. आप्पा टेलर. दुकान लांब, स्टेशनकडं, पण हातशिलाई घरी आणायचे.

"मिळालं?" त्यांनी दोरा तोडत विचारलं.

"नाही. एका गिऱ्हाइकाला उलट बोलले. पुढच्या सोमवारी अकराला ते येतील, तेव्हा माफी मागितली तर मिळणार म्हणे."

"मग माग की. तोंड काय झिजतंय? कोण गिऱ्हाईक?"

"सरनोबत म्हणून आहेत कुणी. पाटबंधारेतले."

आप्पांची सुई थांबली. "सरनोबत साहेब? अगं, वीस वर्षं कपडे माझ्याकडं टाकतात ते! काय केलंस बाई तू हे?"

"तुमच्याशी कसे बोलतात?"

"मोठी माणसं. बोलतात आपली." आप्पांनी परत सुई चालवायला घेतली. "तू काय बोललीस ते सांग."

मी काय बोलले ते सांगितलं. ते काय बोलायचे, ते नाही सांगितलं. पोपट हा शब्द आप्पांसमोर माझ्या तोंडातून निघेना. लाज ज्याला वाटायला हवी होती तो मजेत होता, आणि मला मेलीला बापाला सांगायची चोरी.

"माफी माग," आप्पा म्हणाले.

"नाही मागणार."

"पत्र जाईल."

"जाऊ दे."

"मग म्हसवडला कळवू?"

"कळवा!" मी म्हणाले. त्या आठवड्यात मी पुस्तक उघडलं की तेच पान समोर ठेवून बसायची. एकदा वाटलं, म्हणून टाकावं सॉरी. दोन अक्षरं. मग ती टीव्हीवरची माझी बत्तिशी आठवायची, आणि पुस्तक मिटून मी भांडी घासायला उठायची.

सोमवार उजाडला. अकरा वाजता साहेब आले. कोठावळे सर पत्राचा लिफाफा घेऊन माझ्या काउंटरजवळ उभे. रुक्साना बिल करायचं सोडून माझ्याकडं बघतेय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आप्पा आत आले. डोक्यावर टोपी, गळ्यात टेप तसाच. दुकान उघडं टाकून आले होते. सरळ साहेबांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"नमस्कार साहेब."

"अरे माळवदे! तू इथं कुठं?"

"पोरगी माझी आहे साहेब. चुकलं असंल तिचं. लहान आहे. पोटात घ्या."

"आप्पा, हात खाली घ्या," मी म्हणाले.

"तू गप."

"मी काही वाईट बोललेली नाही. मी माफी मागणार नाही आणि तुम्हीही मागायची नाही. हात खाली घ्या आधी!"

सरनोबत साहेब हसायला लागले. "तुझी होय ही? तरीच! टेलरची पोर, जीभ कात्रीसारखी चालते. माळवदे, घरात पोपट पाळलास आणि नीट शिकवलं नाहीस होय रे?" मग आवाज बारीक करून, मान वेळावून त्यांनी आप्पांना करून दाखवलं. "पिशवी लागेऽऽल का सर?"

आप्पा हसतील असं त्यांना वाटलं होतं. वीस वर्षं हसतच आले असतील आप्पा. पण आप्पा हात जोडलेले तसेच माझ्याकडं वळले.

"असं म्हणतात हे तुला?"

"दर सोमवारी."

"आणि तू काय करायचीस?"

"हसायची," मी म्हणाले, आणि इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

आप्पांनी हात खाली घेतले. टोपी सारखी केली. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्या दिवशीही चढवला नाही.

"साहेब, तुमच्या दोन पँटी कापून ठेवल्यात. शिवायच्या राहिल्यात. दुपारी येऊन कापड घेऊन जावा."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरीकडं शिवून घ्या."

"तू कापलेलं कापड दुसरा कोण शिवून देणार मला?"

"ते मला काय माहीत साहेब," आप्पा म्हणाले आणि आले तसे निघून गेले.

कोठावळे सरांनी लिफाफा खिशात घातला. सरनोबत साहेब इकडंतिकडं बघत राहिले. रांगेतलं कुणी हसलं नाही, कुणी त्यांची बाजूही घेतली नाही. मी डोळे पुसले, त्यांची टोपली ओढली आणि विचारलं, "सगळं मिळालं का साहेब?"

त्यांनी पाकीट काढलं. मग म्हणाले, "हो." बाकीच्या तिन्हीला "नाही" म्हणाले. बिल घेऊन गेले. त्यानंतर कधी आले नाहीत.

पत्र शुभांगीला मिळालं. माझं कंत्राट दिवाळीला संपलं आणि सरांनी ते वाढवलं नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आप्पा काजं करत बसले होते. मी चहा ठेवला. मग मी विचारलं, "म्हसवडला कळवलंत?"

"परवाच कळवलं होतं. या म्हणून."

"बरं," मी म्हणाले.

"आज दुपारी परत फोन केला. येऊ नका म्हटलं. पोरगी शिकत्येय, दोन वर्षं तरी बघायचं नाही म्हणून सांगितलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "एक म्हणाला होतात आप्पा. आणि तेही पत्र आणलं तर."

आप्पांनी सुई उजेडाकडं धरून दोरा ओवला.

"पत्र आणलं असतंस तर एकच मिळालं असतं," ते म्हणाले. "चहा दे, आणि अभ्यासाला बस."